गाणी आहेत, क्रम हरवला

नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेच्या परिसरात, डोंगरांच्या कुशीत माहूर वसले आहे. तेथील एका शिखरावर रेणुकामातेचे, दुसऱ्यावर दत्तात्रेयाचे आणि तिसऱ्यावर अनसूयामातेचे मंदिर आहे. देवीच्या साडेतीन पीठांपैकी माहूर हे एक पूर्ण पीठ मानले जाते. महाराष्ट्रातील गोंधळी रेणुराई व कदमराई अशा दोन शाखांचे असतात. त्यांपैकी रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक होत, तर कदमराई हे तुळजापूरच्या भवानीचे.

व्यवहारात आपण गलबल्याला ‘गोंधळ’ म्हणतो. परंतु देवीच्या गोंधळात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते. प्रथम देवीची स्थापना होते, दिवटी पेटते आणि संबळ व तुणतुणे यांच्या साथीवर गण होतो. मग निरनिराळ्या ठिकाणच्या देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन केले जाते. त्यानंतर देवीची पदे होतात, आख्यान लागते आणि अखेरीस आरती होते. आवाहनापूर्वी आरती झाली, तर पाहुणे येण्याआधीच त्यांना निरोप दिल्यासारखे होईल. म्हणजे येथे गाणी जितकी महत्त्वाची, तितकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा होय.

हा क्रम पूर्वी गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जात असे. पुढे ध्वनिमुद्रणाची साधने आली. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली. कॅसेटच्या चिंचोळ्या फितीवर एका गाण्यामागे दुसरे गाणे मुद्रित होत असे. ती उलटसुलट फिरवता येई. परंतु तिसरे गाणे पाचव्याच्या पुढे कधी जात नसे. फितीत गाणे आणि क्रम एकजीव झालेले होते. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन निघाला आणि कॅसेट माणसाबरोबर चालू लागली. पुढे गाणी अंकांच्या रूपाने साठवण्याची ‘एमपी३’ ही रीत आली. २००१ साली ॲपल कंपनीने आयपॉड आणला. त्यानंतर नखाएवढ्या मेमरी कार्डावर शेकडो गाणी मावू लागली आणि खिशातल्या प्लेअरवर ती हव्या त्या क्रमाने ऐकता येऊ लागली.

ही मोठीच सोय झाली. परंतु तिच्याबरोबर एक नवी अडचणही आली. कार्डावर प्रत्येक गाणे ही एक स्वतंत्र फाइल असते आणि गाण्यांचा क्रम दुसऱ्याच एका लहानशा फाइलमध्ये असतो. या यादीला ‘प्लेलिस्ट’ म्हणतात. पुष्कळांची अशी समजूत असते, की यादीमध्ये गाणी भरलेली असतात. वस्तुतः तिच्यात एकही गाणे नसते. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत धडे नसतात. कोणता धडा कोणत्या पानावर आहे, एवढेच ती सांगते. त्याचप्रमाणे यादीच्या प्रत्येक ओळीत एका गाण्याचा केवळ पत्ता असतो. अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणून धडे नाहीसे होत नाहीत. तसेच यादी नाहीशी झाली, तरी गाणी बहुधा जागच्या जागी असतात. हे ध्यानात न आल्यामुळे लोक घाबरतात आणि घाईने असे काही करून बसतात, की मग गाणीही जातात.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून एक प्रसंग कल्पू. माहूरला एका वृद्ध गोंधळ्याच्या घरी असा एक प्लेअर होता. आजोबांचा आवाज आता थकला होता. रात्रभर उभे राहून गाणे त्यांना झेपत नसे. परंतु चार वर्षांपूर्वी, आवाज खणखणीत असताना, त्यांनी आपला संपूर्ण गोंधळ बेचाळीस भागांत ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. तो क्रमवार ऐकूनच त्यांचा नातू गोंधळ शिकत होता. येत्या नवरात्रात त्याला प्रथमच एकट्याने उभे राहायचे होते. घटस्थापनेला आठ दिवस उरले होते आणि त्याच दिवशी प्लेअरने ‘यादी रिकामी आहे’ असे सांगितले.

नातू हवालदिल झाला. “कार्ड बिघडलेले दिसते. फॉरमॅट करून पाहतो,” तो म्हणाला.

त्याची धाकटी बहीण सातवीत शिकत होती. तिने कार्डावर हात ठेवला. “दादा, थांब. फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसणे. पाटीवर काय उरले आहे, ते आधी पाहू.”

“नेमके बोललीस, पोरी,” आजोबा म्हणाले. “संबळ वाजेना, तर कोणी आधी त्याचे कातडे फाडत नाही. दोरी सैल झाली का, ते पाहतात.”

मुलीने कार्ड संगणकाला जोडले. कार्डावरील किती जागा व्यापलेली आहे, ते तिने प्रथम पाहिले. कार्ड रिकामे झाले असते, तर जागाही मोकळी दिसली असती. पण पुष्कळशी जागा भरलेली होती. तिने फोल्डर उघडला. बेचाळीसही गाणी तेथे होती! तिने त्यांतली दोन-तीन लावून पाहिली. आजोबांचा आवाज घरात घुमला आणि निम्मी चिंता तेथेच मिटली. गाणी सुरक्षित होती. हरवला होता तो क्रम.

“दादा, गेल्या आठवड्यात तू या कार्डाचे काय केलेस?” तिने विचारले.

नातवाने आठवून सांगितले. त्याने नवे, मोठे कार्ड आणले होते. जुन्या कार्डावरील सर्व गाणी व यादी त्यावर उतरवली होती. फोल्डरचे जुने नाव बदलून त्याने नवे सुटसुटीत नाव दिले होते. यादी उघडून तिच्या शेवटच्या दोन ओळींची अदलाबदलही केली होती. जुने कार्ड पुसून दुसऱ्या कामाला दिले होते.

मुलीने यादीच्या फाइलची प्रथम एक प्रत काढली आणि ती प्रत उघडली. अशा याद्या पुष्कळदा साध्या अक्षरांत लिहिलेल्या असतात व कोणालाही वाचता येतात. प्रत्येक ओळीत आधी फोल्डरचे नाव व मग गाण्याचे नाव होते. परंतु फोल्डरचे नाव जुनेच होते. एखादे कुटुंब दुसऱ्या गल्लीत राहायला जावे आणि टपालवाल्याने जुन्याच दारावर थाप मारावी, तसे झाले होते. प्लेअर जुन्या फोल्डरात गाणी शोधत होता. तेथे काहीच नसल्यामुळे यादी रिकामी आहे, असे म्हणत होता. मुलीने प्रतीतील सर्व ओळींत जुन्या नावाच्या जागी नवे नाव घातले आणि कार्ड प्लेअरमध्ये बसवले. एकतीस गाणी पूर्वीच्या क्रमाने वाजू लागली.

राहिली अकरा. त्यांच्या ओळींत फोल्डरचे नाव ठीक होते; पण गाण्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे होती. असे का झाले असावे? फोल्डरचे व एकतीस गाण्यांचे नाव रोमन लिपीत होते. ही अकरा नावे देवनागरीत होती. संगणक अक्षरे जाणत नाही, तो अंक जाणतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक अंक ठरवून द्यावा लागतो. जुन्या काही पद्धतींत रोमन अक्षरांना अंक होते, देवनागरीला नव्हते. १९९१ साली ‘युनिकोड’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात जगातील अनेक लिप्यांबरोबर देवनागरीलाही स्थान मिळाले. नातवाने यादीत बदल केला, तेव्हा ती जुन्या पद्धतीने जतन झाली. ‘काही अक्षरे नष्ट होतील’ अशी सूचना पडद्यावर आली होती. ती न वाचताच त्याने ‘होय’ म्हटले होते. ज्या अक्षराला अंक नाही, त्याच्या जागी संगणकाने एकेक प्रश्नचिन्ह ठेवले.

प्रश्नचिन्हांवरून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. पण त्यांची संख्या मोजता येते. संगणक काना, वेलांटी यांसारखी चिन्हेही वेगळी मोजतो. त्यामुळे ‘आरती’ या शब्दाची चार प्रश्नचिन्हे होतात आणि ‘आवाहन’ या शब्दाची पाच. मुलीने फोल्डरातील अकरा नावांची अक्षरे मोजून ती ओळींशी ताडून पाहिली. सहा नावे जुळली. उरलेल्या पाच नावांची लांबी सारखीच होती. त्यामुळे मोजणीचा उपाय तेथे खुंटला.

तेव्हा ती आजोबांजवळ येऊन बसली. “आबा, सातव्या जागी काय होते, ते तुम्हाला आठवते का?”

आजोबांनी डोळे मिटले व बोटांनी मांडीवर ठेका धरला. सहावे पद त्यांनी हलकेच गुणगुणले आणि ते संपताच सातवे आपोआप त्यांच्या ओठांवर आले. “पोरी, आठवावे लागत नाही. एक पद दुसऱ्याचा हात धरून येते,” ते म्हणाले. पाचही जागा भरल्या. मुलीने यादी युनिकोड पद्धतीने जतन केली. त्या रात्री नातवाने गणापासून आरतीपर्यंत सर्व बेचाळीस भाग क्रमाने ऐकले.

याद्या हरवण्याची कारणे आणखीही असतात. प्लेअर चालू असताना कार्ड ओढून काढले, तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. काही प्लेअरांत यादी कार्डावर नसून यंत्राच्या स्वतःच्या नोंदवहीत असते. आयपॉडचे तसेच होते. त्यात गाण्यांच्या फाइलींना चार-चार अक्षरांची अर्थहीन नावे मिळत आणि खरी नावे व याद्या नोंदवहीत राहत. ती बिघडली, की गाणी असूनही यंत्र ‘एकही गाणे नाही’ असे दाखवी. आयपॉडची निर्मिती २०२२ साली थांबली. परंतु ही नोंदवहीची रीत आजच्या फोनमधील अनेक ॲपांतही आहे. तेथे ॲप काढून टाकले, की त्याच्याबरोबर यादीही जाते. कार्डावरील गाणी मात्र राहतात.

क्वचित गाणीही खरोखरच पुसली जातात. तरीही धीर सोडू नये. पुसलेली फाइल पुष्कळदा लगेच नष्ट होत नाही. तिची जागा मोकळी आहे, एवढीच नोंद होते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, म्हणजे जुने कायमचे जाते. यास्तव अशा कार्डावर नवे गाणे वा छायाचित्र मुळीच साठवू नये. ते बाजूला काढून जाणकाराला दाखवावे.

हरवलेली यादी शोधण्यापेक्षा ती जपणे सोपे असते. यादीची एक प्रत कार्डाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. गाण्यांच्या नावांच्या आरंभी ०१, ०२, ०३ असे क्रमांक घालावेत. म्हणजे यादी गेली, तरी नावेच क्रम सांगतील. एक अंकी संख्येपूर्वी शून्य लिहिणे विसरू नये. कित्येक यंत्रे डावीकडून एकेक अंक पाहतात आणि १ च्या मागोमाग २ न घेता १० घेतात. ज्या यादीमागे वर्षानुवर्षांची साधना आहे, ती तर कागदावरही उतरून ठेवावी. कागदाला ना वीज लागते, ना ॲप.

यंत्राला गाण्याचा पत्ता ठाऊक असतो. एक गाणे दुसऱ्याच्या आधी का यावे, हे त्याला ठाऊक नसते. ते ज्ञान माणसाजवळ असते. ज्या घरात ते एकाच्याच मनात साठलेले आहे, तेथे कार्डाच्या प्रतीइतकीच दुसऱ्या मनातील प्रतही आवश्यक आहे. ती प्रत वडीलधाऱ्यांजवळ बसून, ऐकून आणि विचारूनच निघते.

शब्दार्थ

दिवटी – गोंधळात पेटवतात ती लहान मशाल. संबळ – जोडीने वाजवायचे चर्मवाद्य. तुणतुणे – एकतारी वाद्य. आख्यान – गाऊन व निवेदन करून सांगितलेली कथा. हवालदिल होणे – घाबरून धीर सोडणे. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे. खुंटणे – पुढे न जाणे.

स्वाध्याय

१. कॅसेटमध्ये गाण्यांचा क्रम का हरवत नसे?
२. यादी व अनुक्रमणिका यांत कोणते साम्य आहे?
३. “आधी पाटीवर काय उरले आहे, ते पाहू,” असे मुलगी का म्हणाली?
४. अकरा नावांपैकी सहा कशी जुळली व पाच कशी मिळाली?
५. ‘एक पद दुसऱ्याचा हात धरून येते’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
६. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला पाठ असलेली गाणी, ओव्या किंवा आरत्या विचारा व त्यांची क्रमवार यादी वहीत लिहा. तो क्रम तसाच का, हेही विचारून टिपून ठेवा.