अर्धी प्रार्थना

मी श्रीरामपूरकडची. सप्टेंबरात आईचं बोट धरून हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जाणारी. लग्न होऊन देहूरोडला आले त्याला यंदा २३ वर्षं झाली. यांची नोकरी चाकणला, तीन पाळ्यांची. घरात सासूबाई, आम्ही दोघं, एक मुलगी, एक मुलगा. दोन खोल्या आणि कोनाड्यात येशू, मरिया, योसेफ. नाताळानंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो, तेव्हा नाझरेथसारखं घर करा, असं चर्चमध्ये दर वर्षी ऐकायचे. घरी येऊन त्यासाठी नेमकं काय करायचं, ते मात्र जपमाळेनंच हळूहळू शिकवलं.

१. घड्याळाचा हट्ट सोडावा, नेम सोडू नये.

सुरुवातीला माझा हट्ट असायचा : रोज रात्री साडेआठला पाच रहस्यांची पूर्ण जपमाळ. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात जमायचं. सेकंडला हे मध्यरात्र उलटल्यावर घरी, नाईटला बसची घाई. प्रार्थना मोडायची, मी चिडायचे, आणि चिडून म्हटलेली जपमाळ कोणालाच नको असायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाच राहू देत. एकच रहस्य म्हणा, पण सगळे मिळून म्हणा." एक रहस्य म्हणजे एक 'आमच्या बापा' आणि दहा 'नमो मरिया'. चार मिनिटं. तेव्हापासून सेकंड शिफ्टला मुलं शाळेतून आली की, यांचा डबा भरून तयार आणि बूट चढवायचे बाकी, एवढ्या वेळात ते रहस्य होतं. पूर्ण जपमाळ रविवारी.

२. समोरच्याचं वाक्य पुरं करावं, राग असला तरी.

'नमो मरिया'चे दोन भाग. पहिल्यात देवदूत गाब्रिएल आणि एलिझाबेथ यांचं अभिवादन, दुसऱ्यात आपली विनवणी. घरात म्हणताना पहिला भाग एकानं म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. लहानपणापासून तसंच म्हणत आले, पण त्यातली खोच कळली ती भांडणात.

यांनी मला न विचारता भावाला मोठी रक्कम दिली होती. मुलीच्या फीसाठी बाजूला काढलेली. नऊ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मीठ मागायचं तरी मुलीमार्फत. पण कोनाड्यापुढे बसणं चुकत नव्हतं. हे पहिला अर्धा म्हणायचे आणि उत्तर मी द्यायचं. मी गप्प राहिले तर प्रार्थना तिथेच अधांतरी. सासूबाई आणि मुलं होतीच म्हणा, पण त्यांच्या आवाजात माझा आवाज नाही हे सगळ्यांना कळायचं, म्हणून पुटपुटायचे. रोज दहा वेळा यांचं वाक्य मी पुरं करत होते. आणि त्या दुसऱ्या अर्ध्यात पापी एकटा कोणी नसतो, सगळे असतो. मनात मी 'ते पापी' म्हणत होते, जीभ मात्र 'आम्ही' म्हणत होती. सहाव्या-सातव्या दिवशी मला त्याची लाज वाटायला लागली. दहाव्या दिवशी मीच चहा ठेवला आणि विचारलं, "नक्की किती दिले?" पैसे परत यायला दीड वर्ष लागलं. पण बोलणं त्या दिवशी परत आलं.

३. हेतू मोठ्यानं सांगावा.

रहस्य सुरू करण्याआधी हेतू सांगायचा, म्हणजे आजची प्रार्थना कोणासाठी. आमच्याकडे पाळीपाळीनं सांगतात आणि मधे कोणी बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. माझा मुलगा चौथीत असताना म्हणाला, "बसमध्ये मागे बसणाऱ्या मोठ्या मुलांसाठी." एवढंच. त्याला मारत होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि एकदा यांची पाळी होती. बराच वेळ थांबून म्हणाले, "ज्यांना ब्रेक मिळालाय त्यांच्यासाठी." त्या वेळी हे कंत्राटावर होते, आणि ब्रेक म्हणजे काम थांबलेलं. चार दिवस रोज डबा घेऊन घरातून निघत होते आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून परत येत होते. मला तोंडावर सांगता आलं नाही, मतमाउलीला सांगताना मी ऐकलं. नेम असा की मधे बोलायचं नाही, म्हणून दहा 'नमो मरिया' होईपर्यंत मला रडताही आलं नाही, ओरडताही आलं नाही. ती चार मिनिटं मिळाली नसती तर माझ्या तोंडून काय गेलं असतं, याचा विचार अजूनही करते.

४. योसेफाकडे झोप मागावी.

शुभवर्तमानात संत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याला चार वेळा स्वप्नात आज्ञा होते आणि तो उठून काम करतो, बस्स. बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा कामगार योसेफाचा सण म्हणून ठरवला. आमच्यासारख्या कारखान्याच्या पट्ट्यात तो सण घरचाच वाटतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या जानेवारीत मनिलात कुटुंबांपुढे बोलताना सांगितलं होतं, की त्यांच्या टेबलावर झोपलेल्या योसेफाची मूर्ती आहे आणि अडचण आली की ते चिठ्ठी लिहून तिच्याखाली ठेवतात. आमचा योसेफ उभा आहे, तरी आम्ही चिठ्ठी ठेवतो. हप्ता, फी, डिपॉझिट. एकदा चिठ्ठी ठेवली की त्या रात्री पैशाचा विषय बंद. मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला मग झोप लागते.

५. माफी मागताना कृत्य सांगावं.

पापनिवेदनाला गेलं की 'काही चुकलं असेल तर' चालत नाही. काय केलं, किती वेळा, ते सांगावं लागतं. घरात मात्र आम्ही मोठे नेमकं तेच वाक्य वापरतो. मुलीची वही मी रागात फाडली होती. तिला म्हणाले, "मी तुझी वही फाडली. मला क्षमा कर." ती तेव्हा तेरा वर्षांची. काही न बोलता तिने वहीची पानं चिकटवायला मला बसवलं.

६. प्रार्थनेची शिक्षा करू नये. मुलगा खोटं बोलला म्हणून त्याला एकदा पूर्ण जपमाळ म्हणायला लावली. पुढे कित्येक महिने तो माळ हातात घेईना.

७. शेजाऱ्याची भक्ती मुलांना दाखवावी.

डॉ. आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ती २५ डिसेंबर १९५४ रोजी. त्यामुळे नाताळच्या सकाळी आम्ही मिस्साहून परततो तेव्हा पांढऱ्या कपड्यातली कुटुंबं त्या मूर्तीच्या जागी, धम्मभूमीकडे निघालेली असतात. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी देहूहून निघते, तेव्हा सासूबाई वारकऱ्यांना पाणी द्यायला उभ्या राहायच्या. ते त्यांना 'माउली' म्हणायचे आणि सासूबाई प्रत्येक वेळी हात जोडायच्या. घरी आल्या की कोनाड्याकडे बघून सांगायच्या, "आज तुझ्या नावानं किती जणांनी हाक मारली मला."

८. पाठ असू द्यावं.

मनापासून येईल तेच बोलावं, पाठ केलेली प्रार्थना कोरडी असते, असं माझी मुलगी कॉलेजात गेल्यावर म्हणायला लागली. मी वाद घातला नाही. गेल्या दोन वर्षांत सासूबाईंची आठवण गेली. मला त्या 'बाई' म्हणतात, यांना कधी भाऊ, कधी फादर. जेवण झालं की पुन्हा जेवायला मागतात. परवा मुलगी सुट्टीला आली होती. यांची नाईट होती, मुलगा क्लासला. तिला म्हटलं, आज तू म्हण. ती आजीशेजारी बसली, माळ तिच्या हातात दिली आणि पहिला अर्धा म्हणून थांबली. सासूबाईंनी दुसरा अर्धा म्हटला, एकही शब्द न गाळता. मुलीनं परत पहिला म्हटला. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले, मधे गेले नाही.