बास क्लॅरिनेटच्या गाद्या

वरातीच्या बँडमुळे क्लॅरिनेट आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच कुळातील, त्याहून एक सप्तक खाली बोलणारे मोठे वाद्य म्हणजे बास क्लॅरिनेट. ब्रुसेल्स येथे अडॉल्फ साक्स याने १८३८ मध्ये त्याच्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले. पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्याला मानाचे स्थान आहे.

छोट्या क्लॅरिनेटची काही छिद्रे वादक बोटांनीच झाकतो. बास क्लॅरिनेटची छिद्रे मोठी व दूरदूर असल्याने ती चाव्यांच्या वाट्यांनी झाकावी लागतात. प्रत्येक वाटीत एक मऊ गादी असते. तिलाच कारागीर पॅड म्हणतात. अशा गाद्या वीसहून अधिक असतात. त्यांपैकी वरची एक जरी हवा सोडू लागली, तरी तिच्या खालचे सगळे स्वर बिघडतात.

माझे वडील बँडपथकात क्लॅरिनेट वाजवतात आणि पथकातील वाद्यांची डागडुजीही तेच करतात. ऐन हंगामात वाद्य फसले तर त्या दिवसाची बिदागी जाते. त्यामुळे गादीचा प्रश्न आमच्या घरी पोटाचा प्रश्न आहे. त्यांच्या पथकात बास क्लॅरिनेट नाही. परंतु त्यात लहानमोठी सर्व प्रकारची छिद्रे असल्याने गाद्यांमधील फरक त्यावरून चांगला समजतो, म्हणून तेच उदाहरण घेतले आहे.

गाद्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिली, फेल्टवर जनावराच्या आतड्याची पातळ त्वचा चढवलेली. ती चटकन व घट्ट बसते, परंतु त्वचा फाटते आणि मोठ्या छिद्रावर टपटप आवाज करते. दुसरी, फेल्टवर मऊ कातडे चढवलेली. ती आवाज कमी करते व टिकते. मात्र ओलाव्याने फुगते. तिसरी कॉर्कची. ती पाणी शोषत नाही, पण कडक असल्याने छिद्राची कड अगदी सपाट लागते. अलीकडे कृत्रिम पडद्याच्या गाद्याही मिळतात.

अर्थात, यांतील एकच प्रकार सर्वत्र लावणे योग्य नव्हे. वरच्या सप्तकासाठी उघडणाऱ्या बारीक छिद्रात थुंकीचे पाणी साचते. तेथे कॉर्क उपयोगी. खालच्या मोठ्या वाट्यांना कातडे बरे. मधल्या लहान वाट्यांना त्वचेची गादी चालते.

माप घेताना जुनी गादी मोजू नये, कारण ती दबून आकार बदललेली असते. वाटीचा आतील व्यास मोजावा. व्यासाइतकीच जाडी महत्त्वाची. गादी जाड झाली तर बिजागरीकडची बाजू आधी टेकते आणि समोर फट राहते. पातळ झाली तर समोरची बाजू आधी टेकते आणि मागे फट राहते. वाटी किंचित तापवून, लाख मऊ करून थोडाफार कल दुरुस्त करता येतो. परंतु चुकीची जाडी त्याने झाकत नाही.

शेवटी सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी गादीखाली चारही बाजूंना धरून चावी हलकेच मिटवावी आणि पट्टी ओढून पाहावी. सगळीकडे सारखी अडली तर गादी बसली. चावी जोराने दाबून ही परीक्षा घेऊ नये; जोराने कोणतीही गादी क्षणभर बसते आणि वादकाची बोटे मात्र दुखतात.

वडील सातवीपर्यंत शिकले. गादी निवडण्यापूर्वी ते छिद्राच्या कडेवरून नख फिरवतात. कड चिरलेली असेल तर ती आधी नीट करतात, मगच गादीच्या किमतीचे बोलतात. ग्रंथालयात दुरुस्तीविषयी जे वाचले, त्यातही पहिली सूचना हीच होती. आपल्या गावच्या पथकातील कोणी वाद्य दुरुस्तीला देणार असेल, तर त्याने ‘भारी पॅड टाका’ एवढेच सांगू नये. कड तपासली का, वाटी मोजली का आणि जाडी जुळली का, हे तीन प्रश्न विचारावेत.