वृद्धांचे मनःस्वास्थ्य : महासाथीनंतरचे कर्तव्य

मार्च २०२० मध्ये राज्यात कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. वयोवृद्धांना या रोगाचा धोका अधिक असल्याने ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरातच राहावे, असे सांगण्यात आले. ही दक्षता आवश्यकच होती. परंतु तिच्यामुळे पारावरची बैठक, देवळातील भजन आणि आठवड्याचा बाजार हे वृद्धांच्या मनाचे आधार एकाएकी सुटले. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी संतांच्या पादुका बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. वर्षानुवर्षे पायी जाणाऱ्या वारकऱ्यांचा नेम खंडित झाला. अंत्यविधीच्या उपस्थितीवरही मर्यादा आली. ज्यांचा जोडीदार गेला, त्यांच्या सांत्वनास आप्तही येऊ शकले नाहीत.

२०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली. मात्र मने इतक्या सहजतेने पूर्वपदावर येत नाहीत.

लक्षणे कशी ओळखावीत ?

वृद्ध मनुष्य ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. अंग दुखते, झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, अशाच त्याच्या तक्रारी असतात. घरची मंडळी ‘आता वय झाले’ म्हणून त्या सोडून देतात आणि तेथेच उपचाराचा मार्ग खुंटतो. शोक स्वाभाविक आहे; परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते. नैराश्यामुळे विस्मरणही होते आणि योग्य उपचाराने ते कमी होऊ शकते. ‘मी सर्वांना ओझे झालो’ हे उद्गार तर कधीही दुर्लक्षू नयेत. नैराश्य हे वार्धक्याचे अंग नसून तो उपचारसाध्य आजार होय.

गावाने काय करावे ?

एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ग्रामपंचायतीने करावी व सदस्यांनी त्यांची नियमित विचारपूस करावी. लक्षणे आढळल्यास त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहेत. शिक्षकांनी आजी-आजोबांना शाळेत बोलावून गावाचा इतिहास, शेतीचे अनुभव मुलांना ऐकवावेत. वृद्धांना दयेपेक्षा आपली गरज आहे, या जाणिवेचा आधार अधिक वाटतो. तो देणे प्रत्येक गावाला शक्य आहे.