झूकीपर उघडा ठेवू नकोस गं

अगं, झूकीपर तुझ्याकडे सोपवला म्हणून तू हरखलीस, आणि मलाही लई बरं वाटलं. लीडर कोण, सेटिंग कुठली, कुठलं काम कुणाच्या हातात, हे सगळे सर्व्हर त्यालाच विचारतात. म्हणून सांगते, तिथं कोण काय करू शकतं हे पहिल्याच दिवशी बघ.

झूकीपरमधली माहिती नोडांत, म्हणजे पाथ असलेल्या कप्प्यांत, राहते. नोड करताना एसीएल, म्हणजे कुणाला काय करता येईल याची यादी, दिली नाहीस, तर वाचणं, लिहिणं, खाली नवा नोड करणं, पुसणं आणि परवानग्याच बदलणं, या पाचही गोष्टी येईल त्याला मोकळ्या. "आतलंच नेटवर्क आहे की," असं कुणीतरी म्हणेल. ऐकू नकोस. एखाद्या टेस्ट मशीनवरची चुकीची स्क्रिप्टही आतलीच असते.

आपल्या निपाणीत तंबाखूच्या वखारीचं फाटक बंद केलं की आतल्या बोदांची काळजी मिटते. इथं तसं नाही बघ. वरच्या नोडची एसीएल खालच्यांना लागूच होत नाही. ज्याला पूर्ण पाथ माहीत आहे, तो खालचा उघडा नोड थेट वाचतो. पुसण्याचं तर उलटंच: खालचा नोड पुसायची परवानगी वरच्या नोडवर तपासली जाते. खालचा कितीही कडक ठेवलास आणि वरचा मोकळा सोडलास, तर खालचा गेलाच म्हणून समज. आणि नोड आहे की नाही एवढं कुणालाही विचारता येतं, त्यासाठी परवानगी लागत नाही. तेव्हा नोडच्या नावात गिऱ्हाईकाचं नाव घालू नकोस.

तू घरून काम करतेस, घरचा आयपी बदलत राहतो. त्यावर परवानगी बांधू नकोस. त्याऐवजी डायजेस्ट, म्हणजे नाव-पासवर्डची पद्धत, वापरलीस तर पासवर्ड तारेवरून उघडाच जातो, म्हणून टीएलएस हवंच. झूकीपरचं व्हर्जनही बघून घे. 3.4.14 च्या आधी एसीएल वाचायला परवानगीच लागत नव्हती, त्यामुळे पासवर्डचा हॅश कुणालाही दिसायचा. 2019 मध्ये ते दुरुस्त झालं, पण जुने सर्व्हर अजून कुठंकुठं चालू असतात.

सगळ्या परवानग्या ओलांडणाऱ्या सुपरयूजरचा पासवर्ड कुणी फोनवर सांगायला लागलं, तर सरळ नको म्हण. नवीन आहेस म्हणून भिडेखातर घेऊ नकोस. तुझ्या कामाला वाचण्यापुरतं पुरतंय ना, मग तेवढंच माग. त्यात कमीपणा काही नाही.

आजच प्रत्येक नोडवर गेटएसीएल ही कमांड चालव. कुठंही 'वर्ल्ड, एनीवन' दिसलं तर पाथ लिहून ठेव आणि टीमला सांगून एकेक बंद कर. आधी स्वतःची ओळख अ‍ॅडऑथ कमांडनं दे, नाहीतर तूच बाहेर राहशील. अडलीस तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी बेळगावात जागीच असते.