वाळवंटांतील शिलागृह

वाळवंट म्हटलें कीं ऊन, वारा आणि वाळू हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. तेथील भूमीला आकार देण्यांत पाण्याचा वांटा केवढा मोठा आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानाच्या उत्तर भागांत, नाव्हाहो लोकांच्या मुलुखांत, बेटाटाकिन नांवाची एक प्रचंड कपार आहे. तिचा वृत्तांत या दृष्टीनें अभ्यास करण्याजोगा आहे.

कपारीची उत्पत्ति.— ही कपार सुमारें ४५० फूट उंच व ३७० फूट रुंद आहे. तिचा कडा तांबूस वालुकाश्माचा असून अतिप्राचीन काळच्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन तो बनला आहे. हा दगड सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें व बर्फाचें पाणी त्यांत हळूहळू मुरतें. परंतु खालच्या निबर थरांतून तें सहज उतरत नाहीं. म्हणून कड्याच्या बाजूनें पाझरूं लागतें. त्यामुळें वाळूचे कण एकत्र धरणारें द्रव्य विरघळतें. हिवाळ्यांत तेंच पाणी गोठून फुगतें व दगडाचे पापुद्रे सुटतात. खालचा आधार गेला कीं वरच्या शिळा कोसळतात आणि कमान तेवढी मागें उरते.

वस्ती व तिचा त्याग.— कपार दक्षिणाभिमुख असल्यामुळें हिवाळ्याचें कललेलें ऊन आंत येतें, व उन्हाळ्यांत माथ्यावरील ऊन छतावर अडतें. हा लाभ ओळखून होपी लोकांच्या पूर्वजांनीं इ. स. १२६७ ते १२८६ च्या सुमारास येथें शंभराहून अधिक खोल्या बांधल्या, आणि दरींत मका, घेवडा व भोपळा यांची लागवड केली. हा काळ तुळयांच्या लांकडांतील वर्षवलयें तपासून ठरविण्यांत आला आहे. परंतु १३०० च्या सुमारास हें गांव ओस पडलें. अवर्षण पडलें आणि ओढ्याचें पात्र खोल जाऊन शेतांची ओल नाहींशी झाली, हीं त्याचीं प्रमुख कारणें संशोधक मानतात. ज्या पाण्यानें घर दिलें, त्याच्याच अभावीं तें सोडावें लागलें!

वाट.— गड चढणारा मनुष्य आधीं दमतो व परततांना सुखानें उतरतो. येथें क्रम उलटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ७,३०० फूट उंचीच्या पठारावरून वाट जवळजवळ ७०० फूट खालीं दरींत उतरते. जाण्यायेण्याचें अंतर सुमारें पांच मैल. जातांना पाय हलके वाटतात. खरी परीक्षा परततांना, ऊन तापल्यावर, विरळ हवेंत होते. कोरड्या हवेंत घाम तत्काळ वाळत असल्यामुळें शरीरांतील पाणी किती गेलें तें कळत नाहीं. म्हणून तहानेची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी प्यावें, आणि चढासाठीं पुरेसा सांठा राखावा. वाटाड्यावांचून तेथें जाण्यास मनाई आहे. शिवाय शिळा अद्यापि कोसळत असल्यामुळें कपार बाहेरूनच पाहावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, उतार सोपा आहे एवढ्यावरून वाट सोपी मानूं नये. चढाचा हिशेब उतरण्यापूर्वींच करणें, हेंच खऱ्या प्रवाशाचें लक्षण होय.