एक रुग्ण, अनेक दारे : भंडारा जिल्ह्यातील आरोग्य व समाजकल्याण सेवांची सांधणी

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या सिकलसेलग्रस्त मुलाला शासनाकडून कोणकोणते साहाय्य मिळू शकते याची मोजदाद केली, तर यादी बरीच लांब होते. रक्ततपासणी, औषधे आणि गरज पडल्यास रक्त हे आरोग्य विभागाकडून विनामूल्य मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्थसाहाय्य तहसील कार्यालयामार्फत मंजूर होते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देते. दहावी व बारावीच्या परीक्षेत ताशी २० मिनिटे जादा वेळ मिळतो. त्यासाठी शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे अर्ज जावा लागतो. उपचारासाठी येण्याजाण्यास एस.टी.च्या साध्या बसमधून मोफत प्रवासाची सवलत आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे असतात, तो मार्ग निराळाच.

योजनांची वाण नाही, हे यावरून दिसून येईल. तथापि या सर्व योजना निरनिराळ्या कार्यालयांच्या आहेत आणि एका कार्यालयाने केलेले काम दुसऱ्या कार्यालयास आपोआप कळत नाही. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंतचा रस्ता रुग्णाच्या आईने अथवा वडिलांनी स्वतः शोधावयाचा असतो. ज्यांना तो सापडतो त्यांना लाभ मिळतो. ज्यांना सापडत नाही त्यांच्या वाट्याला केवळ औषधाची पुडी येते. आरोग्यसेवा आणि सामाजिक साहाय्य यांची गावपातळीवर सांधणी कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराचे स्वरूप

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आहे. निरोगी माणसाच्या तांबड्या रक्तपेशी गोल व लवचिक असून सुमारे १२० दिवस टिकतात. या आजारात त्या विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अवघ्या १० ते २० दिवसांत नष्ट होतात. त्यामुळे रक्तक्षय होतो, हाडे व सांधे असह्य दुखतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. भारतात या दोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरी परिसरात झाली. पूर्व विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत तो आढळतो. राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून सुरू झाला व पुढे अनेक जिल्ह्यांत विस्तारला. भंडारा त्यांपैकी एक होय. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला आणि २०४७ सालापर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

येथे एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. ज्याला दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळाला तो वाहक. त्याची प्रकृती सर्वसाधारणपणे निरोगी राहते. ज्याला तो दोघांकडूनही मिळाला तो रुग्ण. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले अपत्य रुग्ण निघाले म्हणून पुढची सुटतील, असा हिशेब येथे चालत नाही.

वेदनेचा झटका कशाने येतो, हे पाहिले म्हणजे हा प्रश्न रुग्णालयापुरता नाही हे लक्षात येते. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी बाधणे, ताप येणे आणि अतिश्रम ही त्याची प्रमुख कारणे आहेत. भंडारा हा भाताचा जिल्हा. श्रावणात रोवणीच्या वेळी चिखलाच्या बांधीत दिवसभर ओणवे उभे राहावे लागते, अंगावर पाऊस असतो. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी भर तापात रानोमाळ हिंडावे लागते. गरीब कुटुंबाची रोजी नेमकी त्याच कामांत असते जी रुग्णाने टाळावयास हवीत. डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला आणि घरात दुसरे मिळकतीचे साधन नसले, तर तो सल्ला पाळला जाणे अशक्यप्राय होते. अनुदानाचा अर्ज हा म्हणूनच उपचाराचा एक भाग ठरतो.

कार्यालयांची रचना

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे ७ तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. जिल्हा आटोपशीर आहे. परंतु सेवांची विभागणी कमी नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असून त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नियंत्रणाखाली येतात. म्हणजे खुद्द आरोग्यसेवेतच दोन शाखा आहेत. अंगणवाड्यांची जबाबदारी महिला व बालविकास विभागाची. निराधारांचे अर्ज महसूल यंत्रणेकडे जातात. दिव्यांग कल्याणासाठी राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र विभाग आहे. शाळा शिक्षण विभागाच्या. या प्रत्येक विभागणीस प्रशासकीय कारण आहे व ती मोडून काढण्याची आवश्यकता नाही. उणीव आहे ती विभागांच्या सीमेवर. तेथे कोणाचीच नेमणूक नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पवनी तालुक्यातील एका खेड्यात इयत्ता सातवीतील मुलगी वारंवार गैरहजर राहते. शिक्षक हजेरीपटावर तशी नोंद करतात. आशा स्वयंसेविकेस तिच्या आजाराची माहिती आहे व ती औषधाची आठवण देते. मुलीची आई विधवा असून तिला स्वतःलाही निराधार योजनेचा लाभ मिळू शकेल, हे ग्राम महसूल अधिकाऱ्यास ठाऊक आहे. परंतु घरात रुग्ण आहे, हे त्यास ठाऊक नाही. तिघेही आपापले कर्तव्य चोख बजावत आहेत. तरीही मुलीची शाळा सुटते, कारण तिघांच्या नोंदी तीन वह्यांत राहतात.

पूर्वीचे प्रयत्न

सेवा एकत्र आणण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. पूर्वी हिवताप, देवी व कुटुंबनियोजन या कामांसाठी स्वतंत्र कर्मचारी एकाच घरी पाळीपाळीने जात असत. १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची शिफारस केली आणि अनेक कामे एका व्यक्तीकडे आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांद्वारे सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण अंगणवाडीच्या एका छपराखाली आणले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड येथे गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि आरोग्याला पाणी, शेती व स्त्रियांचे संघटन यांची जोड दिली. या सर्व प्रयत्नांत एक समान सूत्र दिसते : सांधणी झाली ती घराच्या सर्वांत जवळ असलेल्या व्यक्तीच्या हातून.

परदेशातील अनुभवही उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली व सर्वांना मोफत उपचार मिळू लागले. त्याच दिवशी अंमलात आलेल्या दुसऱ्या एका कायद्याने वृद्ध व अपंगांच्या सांभाळाची जबाबदारी स्थानिक नगरमंडळांकडे गेली आणि तेथे कुटुंबाची ऐपत पाहण्याची पद्धत राहिली. दोन यंत्रणा, दोन तिजोऱ्या. परिणामी, बरे झालेले वृद्ध रुग्ण घरच्या साहाय्याची व्यवस्था होईपर्यंत रुग्णालयातच अडकून पडण्याचा प्रश्न तेथे वर्षानुवर्षे चर्चिला गेला. दोन्ही सेवा जोडण्यासाठी स्कॉटलंडने २०१४ मध्ये कायदा केला. इंग्लंडमध्ये १ जुलै २०२२ पासून एकात्मिक सेवा मंडळे वैधानिक स्वरूपात आली. संपन्न देशासही आरंभीची फट सांधण्यास सात दशके लागली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ग्रामपंचायतीचा अधिकार

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस अकरावी अनुसूची जोडली गेली. तिच्यातील २९ विषयांत आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास आणि दिव्यांगांसह समाजकल्याण हे विषय एकापाठोपाठ एक येतात. मंत्रालयात जे विषय वेगवेगळ्या विभागांत आहेत, ते पंचायतीच्या बाबतीत एकाच पानावर आहेत. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीची तरतूद केली. तिच्यात पंचायत सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका व आरोग्यसेविका एकत्र बसतात. नवी समिती स्थापन करण्याची म्हणूनच गरज नाही. असलेल्या समितीस नेमके काम देण्याची आहे. पुढील पाच गोष्टी कोणत्याही जादा निधीविना करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, समितीच्या बैठकीस मुख्याध्यापक व ग्राम महसूल अधिकारी यांना निमंत्रित करावे. हजेरीपट आणि निराधारांची यादी या दोन कागदांविना चर्चा अपुरी राहते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक रुग्णामागे एक सोबती नेमावा. तो आशा स्वयंसेविका, शिक्षक अथवा पंचायत सदस्य यांपैकी कोणीही असू शकेल. कोणता अर्ज कोठे अडला आहे, हे सांगता येणे एवढीच त्याची जबाबदारी.

तिसरी गोष्ट, कागदपत्रांचा क्रम ठरवावा. तपासणीचा अहवाल हाती आल्यावर दिव्यांग प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्रासाठी नोंदणी करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. टक्केवारी ठरविणे हे वैद्यकीय मंडळाचे काम असून अनेक लाभांसाठी ती किमान ४० असावी लागते. त्याचबरोबर उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला तयार ठेवावा, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी एकाच फेरीत काम होईल. एक वाया गेलेली फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी, हे कर्मचाऱ्यांनी विसरू नये.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. रुग्ण विद्यार्थ्यास वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, लघुशंकेस जाण्यास मनाई करू नये, थंडीत व उन्हात कवायतीची सक्ती करू नये. त्याच्या गैरहजेरीकडे आळस म्हणून पाहू नये. दोन दिवस तो दिसला नाही तर आशा स्वयंसेविकेस कळवावे. ताप किंवा छातीत दुखणे अशी लक्षणे असल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. परीक्षेतील जादा वेळेचा अर्ज वर्षाच्या आरंभीच करावा.

पाचवी गोष्ट तालुकास्तरावरील अधिकाऱ्यांसाठी. गटविकास अधिकारी, तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी व बालविकास प्रकल्प अधिकारी यांनी आपल्या नियमित आढावा सभेत एक विषय कायम ठेवावा : गावसमित्यांकडून आलेली व एकापेक्षा अधिक कार्यालयांशी संबंधित असलेली प्रलंबित प्रकरणे. अशी प्रकरणे पत्रव्यवहाराने लांबतात. समोरासमोर बसल्यास पुष्कळशी त्याच दिवशी निकालात निघू शकतात.

गोपनीयतेची मर्यादा

सेवा जोडताना माहितीही जोडली जाते व तेथेच सावधगिरी हवी. सिकलसेलच्या नोंदीचा संबंध विवाहाशी पोहोचतो. एखाद्या मुलीचे नाव वाहक म्हणून गावात पसरले तर तिचे लग्न जुळणे कठीण होते, मुलाच्या बाबतीत मात्र ती गोष्ट दडविली जाते, असा दुजाभाव होण्याची भीती असते. ग्रामसभेत रुग्णांची वा वाहकांची नावे वाचून दाखवू नयेत. समितीपुढे येणारी माहिती कुटुंबाच्या संमतीने व कामापुरतीच असावी. वाहकांची यादी केवळ आरोग्य कर्मचाऱ्यांकडे राहावी. विवाहापूर्वी दोघांनीही तपासणी करून घ्यावी, हा प्रचार सर्वांसाठी सरसकट करावा. कोणा एका घरापुढे बोट दाखवून करू नये. लोकांचा विश्वास गेला तर लोक तपासणीस येणार नाहीत आणि जोडलेल्या सेवांना रुग्णच सापडणार नाहीत.

हीच पद्धत पुढे क्षयरोगी, कुष्ठरोगमुक्त परंतु विकृती आलेल्या व्यक्ती, हत्तीरोगाने पाय सुजलेले शेतमजूर आणि एकाकी वृद्ध यांनाही लागू करता येईल. त्या प्रत्येकाच्या दुखण्याला औषधाची एक बाजू व भाकरीची दुसरी बाजू असते. दोन्ही बाजूंची तरतूद शासनाने केलेली आहे. ती एका घरात एकाच वेळी पोहोचते किंवा नाही, हे पाहणारी माणसे मात्र गावातच असतात. ग्राम आरोग्य समितीच्या येत्या बैठकीत गावातील एकाच रुग्णाचे प्रकरण घ्यावे, त्यास काय मिळते व काय मिळत नाही हे लिहून काढावे आणि उरलेले काम कोणी व कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, ते इतिवृत्तात नोंदवावे. पुढील बैठकीचे कामकाज त्या नोंदीच्या वाचनाने सुरू करावे.