अंग बाहेर येतंय? पिशवी काढायची घाई नको

‘डॉक्टर, अंग बाहेर येतंय, एकदाची पिशवी काढून टाका.’ संभाजीनगरच्या दवाखान्यांत जालना, पैठण, कन्नडकडून आलेल्या बायका हे सहज बोलतात, चाळिशीच्या आतल्याही. पिशवी काढणं आपल्याकडे किती किरकोळ मानलं जातं, ते बीडच्या ऊसतोड महिलांच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दिसलं. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कारणं वेगवेगळी असतील, उपाय मात्र एकच.

अंग बाहेर येण्यात दोष बहुतेक वेळा पिशवीचा नसतो. तिला धरून ठेवणारे पडदे आणि स्नायू बाळंतपणं, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांनी सैल पडलेले असतात. नुसती पिशवी काढली आणि आधार दिला नाही, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरतो. म्हणून सर्जनना आधी हे विचारा : आधार कशाला बांधणार?

या प्रश्नावर मुंबईत फार पूर्वी मूलभूत काम झालं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी गर्भाशयाचं मुख पट्टीने मागे, कण्याच्या खालच्या हाडाकडे टांगलं. डॉ. पुरंदरेंच्या पद्धतीत ती पट्टी पुढे, पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाला जोडतात. पुरंदरे पद्धत सोपी, पण गर्भाशय पुढे ओढलं गेल्याने मागची जागा मोकळी राहते आणि तिथून आतडं खाली येऊ शकतं. दोन्ही शस्त्रक्रिया मुळात पोट उघडून होत. आज त्या दुर्बिणीतूनही करता येतात.

दुर्बिणीने रक्त कमी जातं, दुखणं कमी, घरी लवकर जाता येतं. मात्र वेळ जास्त लागतो, पूर्ण भूल द्यावी लागते आणि करणाऱ्याचा हात बसलेला असावा लागतो. आधीच्या ऑपरेशनांमुळे पोटात खूप चिकटलेलं असेल, तर उघडी शस्त्रक्रियाच सुरक्षित ठरू शकते. तिला मागासलेली समजू नका. तिसरी वाट योनीमार्गाची : पोटावर एकही छेद न घेता टाके आतल्या मजबूत बंधाला घेतात. नेदरलँड्समधल्या अभ्यासात ही पद्धत पिशवी काढण्याच्या तोडीस तोड ठरली. उतरलेल्या अंगाला आधार म्हणून योनीतून बसवायच्या कृत्रिम जाळीची विक्री मात्र अमेरिकेने २०१९ मध्ये थांबवली. तुम्हाला जाळी सुचवली, तर ती कोणत्या मार्गाने बसवणार हे नक्की विचारा.

प्रत्येकीची पिशवी वाचवावीच असंही नाही. पाळी गेल्यावर रक्त जात असेल किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या पॅप तपासणीत दोष आला असेल, तर आधी त्याचा छडा लावावा लागतो. अजून मूल हवं असेल तर ते स्पष्ट सांगा. बेत त्यावर ठरतो, आणि पुढची बाळंतपणंही बहुधा सिझेरियनने करावी लागतात. उतरण थोडीच असेल तर ओटीपोटाचे व्यायाम किंवा योनीत बसवायची रिंग यांवर वर्षानुवर्षं निभावतं.

शेवटी घरच्यांसाठी. दुर्बिणीच्या ऑपरेशनची खूण म्हणजे बोटाच्या रुंदीपेक्षाही लहान तीन-चार छिद्रं. ती पाहून सासूबाईंना वाटतं, सून बरी झाली, आणि आठव्या दिवशी पाण्याचा हंडा तिच्या कमरेवर येतो. आतले टाके मात्र उघड्या शस्त्रक्रियेइतकेच सावकाश भरतात. किमान दीड महिना, जमल्यास तीन महिने जड उचलू देऊ नका, आणि शौचाला जोर करावा लागणार नाही इतकं पाणी, भाजी, फळं तिच्या पोटात जातील असं बघा.